वारा उजवीकडून

४ ऑगस्ट, रविवार

ही वही ट्रॅक्टरची हाय. आजवर हिच्यात इंजिनाचे तास, ऑइल कधी बदललं, कोणत्या उसाच्या फडातून कारखान्याला किती खेपा झाल्या, एवढंच लिहिलं. बावीस वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. आता ट्रॅक्टर एप्रिलपासून ताडपत्रीखाली उभा हाय, म्हणून त्याच्या जागी माझंच लिहितो. बीडचे डॉक्टर म्हणले होते, सुग्रीवराव, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं ताळ्यावर राहील. डोकं ताळ्यावरच हाय माझं. लकवा डाव्या अंगाला मारला, डोक्याला न्हाई.

तोंड सरळ झालं, हात महिन्याभरात कामाला लागला. डावा पाय मात्र हट्टाला पेटलाय. काठी घेऊन चालतो मी, पण पंजा जोर लावून दाबायचा म्हणलं की पाय ऐकत न्हाई. डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिलाय. उताणं पडून पंजा पुढं-मागं करायचा, रोज शंभर वेळा. पंख्याकडं बघत पाय हलवीत पडायचं, हे काय बाप्या माणसाचं काम झालं? तो कागद मी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधी टाकून दिला. बायको, सत्यशीला, रोज विचारती व्यायाम झाला का. मी रोज झाला म्हणतो.

आज शहादेव आलता. माझा चुलतभाऊ, बारा वर्षांनी लहान. चहा घेतला, ताडपत्री उचलून ट्रॅक्टर बघितला, टायरला लाथ मारून बघितली. मला कळलंच काय ते. दिवाळीच्या आगं-मागं कारखाने सुरू होणार, ऊसतोडीचे टोळीवाले ट्रॅक्टर कुणाचा म्हणून विचारायलेत. अन् आमच्या ट्रॅक्टरचा क्लच लई जड. डाव्या पायानं पुरा दाबून धरावा लागतो, अर्धामुर्धा चालत न्हाई. शहादेव मान खाली घालून म्हणला, "दादा, दसऱ्याला बघू. तुमी ट्रॅक्टर शिलंगणाला वेशीबाहेर नेला तर सीझन तुमचा. न्हाई तर मी नेतो, अन् सीझन बी मीच करतो."

वाईट माणूस न्हाई तो. दसऱ्याला जी गाडी दारात उभी राहिली ती वर्षभर उभी राहती असं आमच्याकडं मानतात, म्हणून कुणीतरी ती न्यायलाच पाहिजे. मी बरं म्हणलो. मग उठून ताडपत्री परत नीट ओढली.

११ ऑगस्ट, रविवार

पोरगी, अंजू, पुण्याहून आली. संगं तीन खोकी. तिच्या कंपनीनं दोन महिने घरूनच काम करा म्हणून सांगितलंय म्हणे. कंपन्यांचं काय खरं न्हाई, कधी म्हणतात या, कधी म्हणतात येऊ नका.

खोक्यातून कॉम्प्युटर निघाला, मोठा पडदा निघाला, अन् एक दांडा निघाला. त्याला जॉयस्टिक म्हणतात. लोक घरी बसून कॉम्प्युटरवर विमान उडवायला शिकतात, खेळ म्हणून, तर हुबेहूब खऱ्यासारखं. अंजू त्यांच्यासाठी पायानं चालवायची पेडलं बनवून विकणार हाय. मुंबईचा एक गिऱ्हाईक बी ठरलाय. पेडलं तपासून बघायला तिला ड्रायव्हरचे पाय पाहिजेत. मी म्हणलो, चांगले पाय शोध की. तर म्हणती, "अण्णा, बावीस वर्षं पेडल दाबलेला माणूस पुण्यात कुठं शोधू?"

ते मात्र खरं हाय.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज गावातल्या सिदूच्या वेल्डिंगच्या दुकानात पेडलांचा सांगाडा केला. अँगलची चौकट, मधोमध जुन्या सायकलच्या चाकाचं बेअरिंग, त्यावर आडवी पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना पाय ठेवायला पत्रा. डावा पाय पुढं दाबला की उजवा मागं येतो. पट्टी किती फिरली ते कॉम्प्युटरला कळायला खाली एक बटण बसवलं, पंख्याच्या रेग्युलेटरमधी असतं तसलं. पट्टी मधी परत यावी म्हणून दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या.

वायरी सिदूनं अन् मी मिळून जोडल्या, अन् घोटाळा केला. डावा पाय पुढं रेटला की विमान उजवीकडं वळायलं. आमच्या दोघांच्या मनात सायकलचं हँडल. डावी मूठ पुढं रेटली की सायकल उजवीकडंच जाती, मग ह्याच्यात चूक काय? अंजू कपाळाला हात लावून हसली. विमानात डावा पाय दाबला की नाक डावीकडंच गेलं पाहिजे. सिदू ऐकंना. अर्धा तास वाद घातला त्यानं, पार सायकल आणून दाखवली. शेवटी तिनं कॉम्प्युटरमधी एक खूण बदलली अन् उलटं सुलटं झालं. वायरला हात बी लावला न्हाई. सिदू तेवढ्यावरच गप झाला.

१८ ऑगस्ट, रविवार

पहिल्यांदा बसलो. लाकडी खुर्ची, पुढं पडदा, उजव्या हातात जॉयस्टिक, पायाखाली पेडलं. जॉयस्टिक मागं ओढली की नाक वर, पुढं ढकलली की खाली, बाजूला कलवली की पंख कलतात. नाक डावी-उजवीकडं वळवायचं ते पायानं. शेपटीला एक उभं फळकूट असतं, रडर म्हणतात त्याला, ते पेडलांनी फिरतं.

लातूरच्या धावपट्टीवरून उडालो. उडताना ह्या एका पंख्याच्या विमानाचं नाक आपोआप डावीकडं ओढतं, उजवा पाय दाबून सरळ ठेवावं लागतं. ते मला झकास जमलं. अंजूनं टाळी वाजवली. मी हवेत होतो, लातूरच्या वर. उगं हसायला येत होतं.

उतरताना बट्ट्याबोळ. चाकं टेकली अन् मला वाटलं आता थांबायचं, म्हणून दोन्ही पाय दाबले. क्लच अन् ब्रेक. बावीस वर्षांची सवय. तिथं क्लच कुठला? उजवा पाय जोरात बसला, डावा बसलाच न्हाई, अन् विमान धावपट्टी सोडून उजवीकडच्या गवतात. सत्यशीला दारात सूप घेऊन उभी होती. विचारती, "पोचले का लातूरला?"

१९ ऑगस्ट, सोमवार

पेडलाची डावी वायर खराब हाय. पडद्यावर आकडा दिसतो पेडल किती दाबलं त्याचा. उजवं दाबलं की शंभर. डावं जीव खाऊन दाबलं तरी एकेचाळीस. मी अंजूला म्हणलो, सिदूनं टाका नीट मारला न्हाई. ती खाली वाकून बराच वेळ बघत बसली. बघते म्हणली, दुरुस्त करते हळूहळू.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

रोज संध्याकाळी सहाला बसायचं असं ठरलंय. आता उडवायचं कमी, उतरवायचंच जास्त. अंजू विमान धावपट्टीसमोर हवेत ठेवून देती, मी उतरवायचं. पंधरा-वीस वेळा रोज.

वारा उजवीकडून असतो. अशा वेळी विमान उजवीकडं तोंड करून तिरकं-तिरकं येतं. टेकायच्या ऐन वेळेला डावा पाय दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणायचं, अन् थांबेपर्यंत दाबून धरायचं. जरा सोडलं की नाक परत वाऱ्याकडं पळतं. डावी वायर खराब असल्यामुळं माझं विमान दर वेळी उजवीकडं जातंय. ह्यात माझा दोष न्हाई.

मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस पेडलं न वापरता जॉयस्टिकच पिळतो, पिळली की नाक वळतं. ही सोय सगळ्या जॉयस्टिकला असती म्हणे. आपल्या जॉयस्टिकला बी हाय, मी पिळून बघितली, फिरती. पण विमान ढिम्म. अंजूला विचारलं तर म्हणली ते बिघडलंय. नवीन वस्तू अन् बिघडलेली. मी म्हणलो परत कर दुकानदाराला, तर विषयच बदलला.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा.

शहादेवचे बैल दारात आले, सत्यशीलानं ओवाळून पुरणपोळी चारली. ट्रॅक्टरला बी गंध लावलं तिनं. मी नको म्हणत होतो.

दुपारी अंजू ट्रॅक्टरवर चढली. वजन बघायचा सपाट काटा, आपण वर उभं राहतो तसला, तो क्लचच्या पेडलावर धरून पायानं दाबत होती अन् काहीतरी टिपून घेत होती. तीनदा केलं. मी ओसरीवरून विचारलं काय खेळ चाललाय. मुंबईच्या गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरच्या क्लचएवढं जड पेडल पाहिजे म्हणे. विमानात बसून ट्रॅक्टरचं पेडल मागणारा माणूस. पैसेवाल्यांचे छंद असलेच.

मग पाना पाहिजे म्हणून टूलबॉक्स उघडला. बराच वेळ खाली मुंडी घालून बसली. आली तेव्हा डोळे लाल. धूळ गेली म्हणली.

५ सप्टेंबर, गुरुवार

डाव्या बाजूला ट्यूबच्या दोन पट्ट्या आणखी बांधल्या तिनं. डावीकडचं ढिलं पडलंय म्हणे. बांधून झाल्यावर ते आणखीच जड लागायलं. वायर दुरुस्त करायची सोडून भलतंच.

आकडा त्रेपन्न.

तिचं फोनवर चाललं होतं, सर अजून पंधरा दिवस तरी द्या, बिनपगारी चालेल. कुणाच्या तरी सुट्टीचं असंल. ऑफिसात बारीकसारीक सगळं हिच्याच गळ्यात घालतात.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज माय-लेकी माजलगावला बाजारला गेल्या, अन् मी एक डाव साधला.

कॉम्प्युटरला सांगावं लागतं की पेडल पुरं दाबलं म्हणजे किती. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. अंजूनं ते पहिल्या दिवशी स्वतःच्या पायानं केलं होतं. मी त्याच वेळी म्हणलो होतो, चालवणार मी, तर माझ्या पायानं कर. एकदा केलं की बदलायचं नसतं म्हणली. का नसतं? व्हिडिओत तर सगळे बदलतात. मी ते पान शोधून काढलं, डावा पाय जेवढा जातो तेवढा दाबला अन् सांगितलं, हेच पुरं. झालं. डावीकडं शंभर, उजवीकडं शंभर.

मग बसलो. काय सांगावं. नऊ वेळा उतरवलं, नऊ वेळा पट्टीच्या मधल्या रेघेवर. वारा तोच, उजवीकडून, पण नाक माझ्या मुठीत. मी एकटाच घरात मोठ्यानं हसलो. शेवटी विमान माजलगावच्या धरणावर नेलं. धरण दिसलं, सिंदफणा नदी दिसली, पलीकडं आमचं गाव. उपग्रहाचे फोटो असतात म्हणे त्याच्यात. आमच्या अंगणात एक लाल ठिपका दिसला. आपलाच ट्रॅक्टर. कधीचा फोटो हाय कुणास ठाऊक, चालू हाय का उभा हाय ते वरून कळत न्हाई.

पाय बरा झालाय. उद्या दाखवतो सगळ्यांना.

९ सप्टेंबर, सोमवार

लिहावं वाटत न्हाई, तरी लिहितो.

सकाळी सत्यशीला शेतात गेली, अंजू आंघोळीला. मी ताडपत्री काढली, काठी खाली ठेवून वर चढलो. चढायला वेळ लागला, पण चढलो. सीटवर बसलो अन् अंगावर काटा आला. चावी फिरवली, पहिल्याच झटक्याला चालू. पाच महिन्यांनी तो आवाज.

क्लच दाबला. गेला, पण अर्धा. मी जोर लावला, तेवढ्यावर तो थांबला अन् पाय थरथरायला लागला. मी गिअर रेटला. गिअर करकरला अन् पडला, अन् तेवढ्यात पाय निसटला. ट्रॅक्टरनं उडी घेतली, समोरच्या हौदाला धडक दिली अन् बंद पडला. हौदाला वरपासून खालपर्यंत चीर. समोर कुणी नव्हतं. असतं तर?

अंजू ओल्या केसांनी पळत आली. चावी काढून घेतली. सत्यशीला शेतातून आली तोवर हौदाचं पाणी अंगणभर झालं होतं. ती ओरडली न्हाई. हौदाच्या कडेला बसून म्हणली, "एकदा तुमच्या उशाशी बसून रात्री काढल्या मी. परत न्हाई जमायचं."

मी घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. रडलो. लिहिलं आता.

१५ सप्टेंबर, रविवार

सहा दिवस कॉम्प्युटरकडं गेलो न्हाई. शहादेवला निरोप धाडला होता, दसऱ्याची वाट बघू नको, आत्ताच घेऊन जा. तो आला. हौद बघितला, सिमेंट आणून चीर बुजवली, अन् ट्रॅक्टर तसाच ठेवून गेला. दसरा म्हणजे दसरा, म्हणला.

आज सहाला मी होऊन त्या खुर्चीवर बसलो. अंजू शेजारी येऊन उभी राहिली. कॅलिब्रेशन बदललेलं तिला आठवडाभरापासून माहीत असणार, पण एका शब्दानं बोलली न्हाई. मी विचारलं, "खोटं होतं न ते शंभर?"

ती म्हणली, "खोटं न्हाई अण्णा. तुमच्या पायाचं शंभर होतं. परत माझ्या पायानं लावू का?"

लाव म्हणलो. तिनं चप्पल काढली, वाकून पेडल पुरं दाबलं, कॉम्प्युटरला सांगितलं. मग मी दाबलं. सत्तावन्न.

वायर खराब न्हाई. मला वाटतं, मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी बी बसायला लागलो. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. त्रेसष्ट.

पाय दाबून धरताना मी आता मोजतो. टेकल्यापासून थांबेपर्यंत बावीस मोजून होतात. पंधराच्या पुढं मांडी पेटती. सत्यशीला निवडायचं धान्य घेऊन मागं बसती अन् तोंडातल्या तोंडात माझ्याबरोबर मोजती. तिला वाटतं मला ऐकू येत न्हाई.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

एक्काहत्तर. आकडा वाढतोय पण उतरवणं काही सुधरत न्हाई. महिन्यामागं जेवढा रेघेच्या उजवीकडं जात होतो तेवढाच आज बी जातोय. पाय सुधारला तर विमान का सुधरंना? अंजूला म्हणलो तुझं विमान माजलंय. ती म्हणली, चाललंय तसं चालू द्या.

अन् एक गोष्ट. मी शेतकरी माणूस, वारा मला कळतो. भादव्यात वारा असा एका बाजूनं राहत न्हाई, सकाळी इकडून, दुपारी तिकडून, मधीच पडतो. हिच्या कॉम्प्युटरात जेव्हा बघावं तेव्हा वारा उजवीकडून. डावीकडून एकदा बी आला न्हाई. मी तसं बोललो तर पोरगी म्हणती, लातूरला असाच असतो. मी लातूरला हजारदा गेलोय. बनवणाऱ्यांना शेतातलं कळत न्हाई, दुसरं काय.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना.

घट बसले. ऐंशी. डावीकडं ट्यूबची पट्टी आणखी एक वाढवली तिनं.

७ ऑक्टोबर, सोमवार

सत्याऐंशी. आज बंद ट्रॅक्टरवर बसवलं मला अंजूनं, चावी तिच्या मुठीत. क्लच दाबला, खालपर्यंत गेला. बावीस मोजले. पाय थरथरला पण निसटला न्हाई. परत दाबा म्हणली. दहा वेळा दाबायला लावला. मी म्हणलो, हे तुझ्या गिऱ्हाइकाच्या कामाचं न्हाई. ती म्हणली, हाय की.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

पहाटेच ट्रॅक्टर धुतला. सिदू आला, शहादेव आला. सत्यशीलानं झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबू ठेवले. टूलबॉक्समधले पाने पूजेला मांडले तेव्हा डॉक्टरांचा कागद तिथं नव्हता. उंदरांनी नेला असंल म्हणून सोडून दिला.

अंजूनं आधी सगळ्यांना बाजूला केलं. समोर कुणी थांबायचं न्हाई म्हणून स्वतः अंगणभर फिरून सांगितलं. मग बाजूच्या सीटवर येऊन बसली, हात इंजिन बंद करायच्या दोरीवर. शहादेव पायीच पुढं गेला, लांब अंतर ठेवून, रस्ता मोकळा करायला.

चावी फिरवली. क्लच दाबला. गेला, पुरा गेला. गिअर मुकाट्यानं पडला. सोडताना सगळ्यात भीती होती, हळू सोडायचा, अन् सोडला हळू. चाकाखाली लिंबू फुटले अन् ट्रॅक्टर दारातून बाहेर निघाला. मागं सत्यशीला काय करत होती ते मला दिसलं न्हाई. सिदू नंतर म्हणला, वहिनी खालीच बसल्या.

वेशीत गावाची म्हसरं आडवी आली. पन्नास-साठ म्हसरं, घाई कुणालाच न्हाई. क्लच दाबून थांबलो. न्यूट्रल करावं एवढं साधं सुचलं न्हाई, नुसता दाबून धरला. मोजायला लागलो. बावीस झाले, म्हसरं संपंनात. तीस झाले. मांडी पेटली. अंजू हात दोरीवर ठेवून समोर बघत होती, माझ्याकडं बघत नव्हती. चाळिसाला शेवटचं रेडकू गेलं. मी क्लच हळू सोडला.

वेशीबाहेर आपट्याच्या झाडापाशी ट्रॅक्टर उभा केला. शहादेवनं पहिली पानं माझ्या हातात दिली अन् पाया पडला. म्हणला, "दादा, सीझन तुमचा. संगं मला घ्या, रात्रीच्या खेपा मी करतो." मी त्याला घट्ट धरलं. बरं म्हणलो. 

१४ ऑक्टोबर, सोमवार

अंजू पुण्याला गेली. एसटी स्टँडवर सोडायला शहादेव गेला. जाताना पाया पडली, म्हणली कॉम्प्युटर इथंच राहू द्या, पेडलं बी. मी म्हणलो मुंबईच्या गिऱ्हाइकाचं काय? म्हणली तो काही कळवत न्हाई.

घर लई मोकळं वाटायलंय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सहाला सवयीनं खुर्चीवर बसलो. आजवर सगळं अंजू लावून द्यायची, मी नुसतं चालवायचं. आज स्वतः लावावं लागलं. शोधता शोधता हवामानाचं पान निघालं. त्यात तिनं जपून ठेवलेली यादी होती, तारखा टाकून. रोजची एक ओळ, शेवटी वाऱ्याच्या जोराचा आकडा.

१८ ऑगस्ट, वारा उजवीकडून, दोन. २५ ऑगस्ट, उजवीकडून, चार. पाच सप्टेंबर, सहा. वीस सप्टेंबर, नऊ. घटस्थापनेला बारा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पंधरा. सगळ्या ओळी उजवीकडून. एक बी डावीकडून न्हाई.

मी म्हणायचो विमान सुधरत न्हाई. ती वारा वाढवत होती. मी जेवढा पुढं सरकायचो तेवढाच वारा.

मग काठी ठेवून खाली वाकलो अन् पेडलांच्या पट्ट्या मोजल्या. उजवीकडं एक. डावीकडं चार. टेबलाचा खण उघडला, तिथं डॉक्टरांचा कागद. पंजा पुढं-मागं, रोज शंभर वेळा, त्या ओळीखाली पेनानं रेघ अन् शेजारी तिच्या अक्षरात क्लचचं वजन. जॉयस्टिक पिळायचं बंद होतं ते एक खूण केली अन् चालू झालं. कधीच बिघडलेलं नव्हतं. मागं त्या सुट्टीच्या फोनात ती बिनपगारी म्हणत होती. कुणाची सुट्टी ते आता कळलं.

 माझ्या पोरीनं दोन महिने माझ्याशी एक खोटा गिऱ्हाईक धरून गप्पा मारल्या, अन् मी तिला सिदूच्या टाक्याबद्दल बोल लावत बसलो. लई भरून आलं. सत्यशीला दारात येऊन उभी राहिली. मी पडद्याकडं बोट दाखवलं. तिनं यादी वाचली न्हाई. म्हणली, "कळलं का एकदाचं?" अन् चहा ठेवायला गेली. तिला बी सगळं ठाऊक होतं तर.

अंजूला फोन लावला. पेडल कुणी घेतलं का विचारलं. न्हाई म्हणली, अजून कुणी न्हाई.

मी म्हणलो, "मग राहू दे इथंच. अन् ऐक, ती डावी वायर अजून ढिलीच हाय. दिवाळीला आलीस की बघ."

 ती म्हणली, "बरं अण्णा. बघते."

फोन ठेवून वारा पहिल्यांदा डावीकडून लावला. उजव्या पायाचं काम, सात वेळा उतरवलं, सात वेळा रेघेवर. मजा आली न्हाई. परत उजवीकडून लावला. सोळा.